कोरा रकाना

१९ जून, सोमवार

अडीच महिने या वहीला हात लावला नाही. चुकलंच. नवी जोडणी सुरू झाल्यापासून घरी फक्त झोपायला येत होते. आज लिहिते, कारण दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाहीये.

शुक्रवारी आमच्या इस्पितळात एका बाईला पेनिसिलिन टोचलं. विलैवान, वय अठ्ठावन्न, इथल्याच, खोन केन शहरातल्या एका शाळेत स्वयंपाक करते. पेनिसिलिन तिला चालत नाही — इस्पितळाच्या जुन्या मोठ्या संगणकावर, मेनफ्रेमवर, एकोणीस वर्षं तशी नोंद आहे. वॉर्डातल्या पडद्यावर मात्र ॲलर्जीचा रकाना कोरा होता, असं नर्स म्हणते. बाई अतिदक्षता विभागात आहे.

मेनफ्रेमवरची माहिती बँकॉकच्या नव्या डेटाबेसला पाठवणारा प्रोग्राम माझा.

उपसंचालक डॉ. पीरपोंग म्हणाले, "नर्सने तोंडाने विचारायला नको? सिस्टीम ठीक आहे. हो ना, ताल?"

"बघते, सर," म्हटलं. बघते! प्रोग्राम माझा आहे हे माहीत असूनही एवढंच म्हटलं.

२० जून

सापडलं.

जुन्या यंत्रात थाई अक्षराला एक घर, म्हणजे एक बाइट, लागतं, नव्या पद्धतीत तीन. नोंदीची एकूण लांबी मी जुन्या हिशेबानेच ठेवली. नाव लांब असलं की बाकीचं पुढे सरकतं आणि शेवटचा रकाना तुटून पडतो. शेवटचा रकाना ॲलर्जीचा. विलैवानबाईंचं आडनाव बावीस अक्षरी.

मग चाचणीत कसं निसटलं? चाचणीतले दोनशे पेशंट काढून बघितले. नोई, लेक, कुंग, आन, मू... सगळी आमची रोजच्या हाकेची आखूड टोपणनावं, म्हणून एकही नोंद तुटली नाही! अख्ख्या विभागाने हसत हसत भरलेली. पंधरा वर्षं शेजारी बसणाऱ्या तोयकाकांचं खरं नाव मला आजही पगारपत्रकात शोधावं लागेल.

काकांना दाखवलं. मेनफ्रेमवरचा मूळ कोबोल प्रोग्राम त्यांचा; सप्टेंबरात निवृत्त होतायत. पडद्यावरची प्रत्येक ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली.

"पोरी, तीन महिने कळ काढली असतीस तर मी तरी सुटलो असतो."

"काका, चूक माझी आहे. तुमची नाही."

"मग माझ्याकडे काय बघतेस? सांग जा वर." आणि मग हळूच, "आधी दुरुस्त कर. सांगायचं मागाहून बघू."

दुपारपर्यंत दुरुस्त केलं. तुटलेल्या तीनशे अकरा नोंदी पूर्ववत झाल्या. आता पडद्यावर चुकीची काही खूण उरली नाही.

हे पेशंटसाठी केलं, की स्वतःसाठी? दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे किती सोयीचं!

२१ जून

विलैवानबाई गेल्या.

२३ जून, शुक्रवार

ती सुई देणारी नर्स, रत्तिकान, निलंबित. कँटीनमध्ये तोच विषय.

"म्हणे रकाना कोरा होता! मी स्वतः उघडून बघितला — ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलंय."

"मोबाइलमध्ये डोकं असेल बाईसाहेबांचं, दुसरं काय!"

माझ्या दुरुस्तीनेच ती खोटी ठरली. मी मान खाली घालून नूडल्स खात राहिले. पूर्ण वाटी संपवली — ते जास्त लाजिरवाणं वाटतंय. काकांनी समोरून तिखटाची बाटली माझ्याकडे सरकवली.

चूक कबूल केली तर नोकरी जाईल. कदाचित खटलाही. पण निदान माझी चूक यंत्रातली आहे, बाईच्या दंडात सुई मी नाही टोचली — असं दिवसभर स्वतःला समजावतेय.

२६ जून, सोमवार

रत्तिकानने चौकशी समितीला दिलेल्या जबाबात लिहिलंय की सुई देण्याआधी तिने आमच्या विभागाला फोन केला होता. डॉ. पीरपोंग म्हणाले, "असा फोन आलाच नव्हता, एवढं लिहून दे. विषय संपला."

आलेला प्रत्येक फोन आम्ही लिहून ठेवतो, ती विभागाची फोनवही उघडली. १६ जून, सकाळी १०.४०. वॉर्ड सात. ॲलर्जीचा रकाना कोरा दिसतोय, काय समजायचं? उत्तर दिलं: कोरा म्हणजे ॲलर्जी नाही.

अक्षर माझं. मला आठवतही नाही.

उद्या: नऊ वाजता फोनवही घेऊन समितीसमोर जायचं.