जुईची जीभ

रविवार, ४ जानेवारी २०२६. सकाळी साडेआठ.

जुईला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करत होतो. कोरडी भाकरी. दूध नाही, तूप नाही. एक तुकडा तिनं बराच वेळ तोंडात घोळवला. नजर वर, पत्र्याकडं. मग म्हणाली, "गोड!"

वाटलं, चुकून म्हणाली. अडीच वर्षांची आहे, शब्द नवे आहेत. दुसरा तुकडा दिला. परत तेच — "गोड!"

मग मी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि गिळला नाही. चावत राहिलो. पुष्कळ वेळ काहीच नाही. पीठ, तव्याचा करपटपणा. आणि मग, अगदी लांबून आल्यासारखं — खरंच गोड! जन्मभर भाकरी खातो आहे. मला कधी कळलं नव्हतं.

बायकोला, भैरवीला हाक मारली. तिच्या हातात शिवणाचं कापड होतं. म्हणाली, "भाकरी गोडच असती की. तुम्ही चावता कुठं? नुसती गिळता."

सोमवार, ५ जानेवारी

कारखान्यात संक्रांतीची घाई. लोकांना कारखाना म्हटलं की कागलची एमआयडीसी आठवते. आमचा म्हणजे शिवाजी पेठेत तात्यासाहेबांच्या घरामागची पत्र्याची शेड. बत्तासे, पाडव्याच्या गाठी, आणि या दिवसांत फक्त हलवा. सहा पराती, सहा शेगड्या.

तात्यासाहेबांना भाकरीचं सांगितलं. ते मालक, पण मांडी घालून आमच्यातच बसतात. पोट हलेपर्यंत हसले. "मर्दा गुरू, साखरेवर पोट भरतोस आणि पोरीला एक दाणा देत न्हाईस! गिऱ्हाईक म्हणंल, माल खोटा हाय."

"पाच वर्षांची होईपर्यंत नाही," मी म्हटलं.

"पाच कुणी सांगितलं? डॉक्टरनं?"

कुणीच नाही. पण ठरलं कसं ते मला माहीत आहे. अप्पांची साखर. आधी बोट काढलं, मग पाऊल काढलं, आणि पाऊल काढलं त्याच आठवड्यात जुई जन्मली. एकच दवाखाना. वडील वरच्या मजल्यावर, लेक खालच्या. मी मधल्या जिन्यात उभा. तिचे पाय पाहून आलो होतो. एवढी एवढी नखं! आणि वर जायला पाय उचलत नव्हता. तिथंच ठरवलं.

अप्पा गेले तेव्हा त्यांच्या उशीच्या अभ्र्यात खडीसाखर निघाली.

बुधवार, ७ जानेवारी

आज पाण्याला गोड म्हणाली. माठातल्या पाण्याला! काल भाजलेला कांदा, परवा हरभऱ्याचा घाटा. कांद्याचं मला पटलं, घाट्याचंही पटलं. पाण्यासाठी दोन भांडी प्यायलो. काही नाही. साधं पाणी.

ती खोटं बोलत नाही. तिला खोटं अजून येतच नाही. म्हणजे पाण्यात काहीतरी आहे आणि ते तिला लागतं, मला लागत नाही. तिच्या जिभेवर अजून काही लिहिलेलं नाही. माझी जीभ भरून गेलेली पाटी आहे.

एकदा साखर लागली की हे सगळं पुसलं जाईल. भाकरी नुसती भाकरी, कांदा नुसता कांदा. आधी मला तिच्या पायांची भीती होती. आता जिभेचीही आहे. कुणाला सांगितलं तर हसतील.

शुक्रवार, ९ जानेवारी

कोपऱ्यावरच्या गुंडूमामांनी दुकानातून हाक मारून तिच्या हातात चॉकलेट ठेवलं. मी नको म्हटलं. "घे गं बाय," ते तिला म्हणाले, "तुझा बा काय कोतवाल हाय व्हय?" दोन गिऱ्हाइकं हसली. माझे कान गरम झाले.

आणि जुईनं काय केलं! कागद सोडला. आतलं चॉकलेट बघितलं, गटारीत टाकलं. कागद छातीशी धरला. सोनेरी होता. ते खायचं असतं हेच तिला ठाऊक नाही!

मी हसत घरी आलो. अक्का हसली नाही. (आईला सगळा बोळ अक्का म्हणतो, मीही.) म्हणाली, "पोरगी कागद राखती आणि खाऊ टाकती. हसतोस कशाला? कीव कर."

रविवार, ११ जानेवारी

भांडण. बोरन्हाणावरून.

अक्का म्हणते, औंदा करायचंच. "पहिल्या संक्रांतीला पोरगी तापात, गेल्या साली अप्पांचं दुःख. आता न्हाई तर कवा? तिच्या लग्नात?"

मी म्हटलं, करू की. बोरं घालू, चुरमुरे घालू, उसाचे करवे घालू. गोळ्या नकोत. हलव्याचे दागिने नकोत.

"हलव्याशिवाय बोरन्हाण? मग बादलीभर पाणी वत की डोक्यावर!"

भैरवी मशीनवर बसून काळ्या कापडाचं झबलं शिवत होती. कापड माझ्या नकळत आणलेलं. ती आवाज चढवत नाही, तेच अवघड जातं. म्हणाली, "निम्म्या पेठेतली पोरं तुमच्या हातचे दागिने घालून बसणार. आणि आपल्या जुईच्या गळ्यात काय घालू? कापूस?"

तिनं मशीन थांबवलं.

"आणि सगळी पोरं खातील तेव्हा ही काय करंल? बघत बसंल?"

मी अप्पांचं नाव घेतलं. अक्का म्हणाली, "अप्पांचं नाव साखरेला लावू नकोस. त्यांना मी कोळशानं दात घासताना बघितलंय, कुस्ती खेळताना बघितलंय. तुला नुसता तो पायच दिसतो." आणि उठून गेली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर जो येतो तो "गोड बोला" म्हणतो. घरात दोघी माझ्याशी बोलत नाहीत.

रविवार, १८ जानेवारी

शेवटी दागिने मीच करायला घेतले. दुसऱ्या कुणाच्या हातचे नकोत. घालेल, पण खाणार नाही, असं भैरवीला सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी शेड रिकामी होती. जुईच्या गळ्याला बारीक दाणा हवा म्हणून खसखशीवर हलवा धरला. परात मंद निखाऱ्यावर, पाक चमच्यानं थेंब थेंब, आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की दाणे चिकटतात, निखारा वाढला की पिवळे पडतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग बोटांना आधी कळतं — खरखर. काटा येतो! काटा मी करत नाही. मी फक्त फिरवतो. तो आतून आल्यासारखा येतो, प्रत्येक दाण्याला वेगळा. नववीतून शाळा सोडून इथं बसलो तेव्हापासून करतो आहे आणि अजून अंगावर शहारा येतो. खसखशीच्या कणाला कसं कळतं, कुठं टोक काढायचं?

मुकुट, हार, बाजूबंद, वाळे. दोरा दुहेरी घेतला, प्रत्येक दाण्यामागं गाठ. ओढून निघणार नाही असं.

भैरवीनं हातात घेऊन पाहिलं. "दागिने केलेत का कुलपं?" पण मुकुट तिनं बराच वेळ खाली ठेवला नाही.

शनिवार, २४ जानेवारी

भैरवी म्हणाली, "एक दाणा. फक्त एक." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. उद्या सकाळी मी जुईला शेवटची गोड लागणारी भाकरी देणार आहे असं मनात आलं. वेड्यासारखं.

रविवार, २५ जानेवारी. रथसप्तमी.

नीट लिहितो.

संध्याकाळी बोळातली दहा-बारा पोरं, त्यांच्या आया, तात्यासाहेब आणि त्यांच्या सूनबाई त्रिशलाताई. जुई पाटावर. काळं झबलं, वर पांढरे दागिने. मी केलेले, पण तिच्या अंगावर गेले आणि माझे राहिले नाहीत. चांदणं अंगावर घेऊन बसल्यासारखी दिसत होती. मुकुट पडेल म्हणून मान हलवत नव्हती.

अक्कानं औक्षण केलं आणि डोक्यावरून मापटं ओतलं. बोरं, करवे, चुरमुरे, गोळ्या, हलवा! पोरं तुटून पडली. आरडाओरडा. जुईनं डोळे मिटले, उघडले. तिच्या मांडीवर हलव्याचा एक दाणा राहिला होता. तिनं तो चिमटीत धरला. मी पुढं झालो. भैरवीनं माझा दंड धरला. "थांबा हो. एकच."

जुईनं दाणा तोंडात टाकला.

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. अशी चव पहिल्यांदा लागते तेव्हा माणूस कसा दिसतो, ते मला बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. ती दचकेल, थुंकेल, नाहीतर अधाशासारखी दुसरा मागेल — तिन्ही मी मनात रंगवून ठेवलं होतं.

तिन्हींतलं काहीच झालं नाही. तिनं दाणा जिभेवर फिरवला आणि तिचा चेहरा ओळखीनं उजळला. रस्त्यात घरचं माणूस भेटावं तसा. म्हणाली, "बाबा."

मी म्हटलं, "काय गं?" वाकलो. तिनं मला हातानं बाजूला केलं. खालचा दुसरा दाणा उचलला, त्रिशलाताईंना दाखवला. "बाबा." तो तोंडात टाकला. मग तिसरा, अक्काला दाखवून — "हे बाबा."

अक्का म्हणाली, "अगं, हा हलवा. ह्यो तुझा बाबा उभा हाय की."

"हलवा न्हाय. बाबा."

सगळे हसले. तात्यासाहेब सगळ्यांत मोठ्यानं. मला काही समजेना. भैरवी हसत नव्हती. हळूच म्हणाली, "कामावरनं आलात की ती तुमच्या खांद्यावर तोंड टेकून पडती न्हवं? शर्ट चोखती. धुवायला टाकला की त्या खांद्याला मुंग्या असत्यात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय."

मला ठाऊक नव्हतं! हात मी साबणानं धुतो, कोपरापर्यंत धुतो. पाकाची वाफ कपड्यात बसते, हे कधी मनातच आलं नाही. म्हणजे कडेवर यायला लागली तेव्हापासून. रोज. साखर तिला मीच देत होतो.

पोरं गेल्यावर पाटाजवळ बसून राहिलो. आधी अप्पांचा पाय डोळ्यांपुढं. मग हळूहळू दुसरंच कळायला लागलं. रोज साखर चाखत होती — आणि तरी भाकरी गोड. तरी कांदा गोड. तरी पाणी! काहीच पुसलं गेलं नव्हतं. गोड तिच्या लेखी भाकरी आहे. आणि साखर म्हणजे दमून आलेलं, घामेजलेलं, तिला उचलून घेणारं माणूस.

मी कसली राखण करत होतो?

अक्का खाली सांडलेलं गोळा करत होती. मी म्हटलं, "अक्का, अप्पा कुस्ती खेळायचे, ते सांग की." ती सुपातली बोरं निवडत सांगत बसली. जुई तिच्या मांडीवर, मुकुट तिरका, तोंडाला साखर.

झोपवण्याआधी भैरवीनं तिचे दात पुसून घेतले. मी दिवा धरला.

मंगळवार, २७ जानेवारी

सकाळी जाताना एक धुतलेला शर्ट पिशवीत घालून नेला होता. सुटताना शेडमध्येच बदलायचा आणि मग घरी यायचं, असं ठरवून.

घडी न मोडता परत आणला.