साईशची टाच

पाळी, डिचोली
१८ सप्टेंबर २०२४

ती. शंभूमामांस,
तनयाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर सासूबाईंना, म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीला, बायला, सगळं कळेल. म्हणून हे पत्र. चतुर्थीला तुम्ही आला नाहीत. तुमच्या वाटच्या नेवऱ्या सुदेशने खाल्ल्या आणि वर तुम्हालाच नावं ठेवली.

आता मुद्द्याचं. आमच्या साईशचे पाय जन्मतःच आत वळलेले, तुमच्या उजव्या पायासारखे, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर आठवड्याला म्हापशाच्या इस्पितळात नवं प्लास्टर घालतात. पावलं आता पुष्कळ सरळ झालीत, पण टाचा अजून वरच आहेत. डॉक्टर म्हणतात, टाचेमागची धोंडशीर आखूड आहे, तिला छोटा छेद द्यायला हवा. तीन आठवड्यांत ती लांब होऊन पुन्हा जुळते. आत्ता केलं तर सोपं, चालायला लागल्यावर मोठी शस्त्रक्रिया.

सासूबाई नको म्हणतात. तीन महिन्यांच्या पोरावर सुरी चालवायची नाही, आमच्या शंभूचं असल्या पायानं काय अडलं, हे त्यांचं उत्तर. सुदेश रविवारी वास्कोहून येतो आणि आईला विचार म्हणतो. तीस तारीख नेमली आहे. मामा, मलाही भीती वाटते. खरं सांगा, तुमचं काही अडलं नाही ना? तुम्ही म्हणाल तसं मी करीन.

लोभ आहे तसाच राहू द्या, पण उत्तर लवकर द्या.
आपली,
तनया


केरी, पेडणे
२३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. तनयास,
शंभूमामाचे अनेक आशीर्वाद.

नेवऱ्या खाणाऱ्या माझ्या भाच्याला सांग, पोट दुखलं तर माझ्या नावाने बोंबलू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा फेरीच्या धक्क्यावर माझ्या चहाच्या गाड्याला गर्दी होती. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो, माझा एक पाय केरीत आहे आणि दुसरा नदीपलीकडे तेरेखोलला निघालाय. लोक हसतात. मीच आधी हसलो की त्यांना वेगळं हसावं लागत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. अडलं. तरुणपणी बोटीवर स्वयंपाक्याची नोकरी मिळत होती. तपासणीत मोजे काढायला लावले आणि तिथूनच परत पाठवलं. घरी सांगितलं, मला समुद्र लागतो. बाय अजून तेच सांगत फिरते. मला समुद्र कधीच लागला नाही गो. शिगम्याला ढोल-ताशे वाजवत रोमटामेळाची मिरवणूक समोरून नाचत जाते तेव्हा मी धंद्याची वेळ म्हणून गाडा उघडा ठेवतो. पावलाच्या कडेवर चालून घट्टे पडलेत, ते संध्याकाळी ठणकतात. या सगळ्याचं मला वाईट वाटतं, हे लिहितानाही वाटतंय.

बायवर रागावू नकोस. शाळेत मला चिडवणाऱ्या पोरांना तिने बडवून काढलं आहे. साईशचा पाय दुरुस्त करायचा म्हणजे माझा पाय वाईट होता हे कबूल करायचं, आणि ते तिच्याने होत नाही. तिने हे माझ्याच तोंडून ऐकायला हवं. रविवारी पहिल्या बसने येतो. पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव आणीन. पाळीला पोचेपर्यंत गार होतील, त्याला इलाज नाही.

बाळाला पापा. तुझ्यावर माया आहेच.
शंभूमामा


पाळी, डिचोली
२६ ऑक्टोबर २०२४

चि. शंभूस,
शेवंतीचा आशीर्वाद.

त्या रविवारी तू गेल्यावर मी जेवले नाही. ओसरीवर चप्पल काढून तू पाय माझ्यापुढे ठेवलास आणि बोटीचं सांगितलंस. इतक्या वर्षांनी हे कशाला उकरून काढायचं, असा तुझा फार राग आला. मग कळलं, राग तुझा नव्हताच. दुसऱ्या दिवशी तनयाच्या आधी मीच तयार होऊन रिक्षात बसले.

साईशला आत नेलं आणि माझं देवाचं नाव घेऊन होतंय तोवर बाहेर आणलं. रडला तो भुकेने. या सोमवारी प्लास्टर काढलं. शंभू, टाचा खाली आल्या रे! मी त्याचं पाऊल माझ्या तळहातावर ठेवलं, तर सगळं पाऊल टेकलं. मी तिथेच रडले. लोक बघत होते, बघू देत.

आता पायात बूट, आणि दोन्ही बूट जोडणारी पट्टी. तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, मग चार-पाच वर्षं झोपताना. पाय सरळ दिसतो म्हणून काढून ठेवलं तर पुन्हा वळतो म्हणे. शेजारची सुलोचना कळवळून म्हणाली, घटकाभर काढ गो. तिला मी चहा न देताच वाटेला लावलं. तनया म्हणते, डॉक्टरपेक्षा मला आता तुमचीच भीती वाटते.

मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या भावाचं काही होईल का. बाळ केवढं आहे, म्हणाले. साठीचं आहे म्हटलं. हाडं आता वळायची नाहीत, पण पायाच्या मापाचे बूट करून देतात, घट्ट्यांवरचा भार कमी होऊन दुखणं पुष्कळ हलकं होतं, असं म्हणाले. माप द्यायला तू स्वतः यायला हवंस.

माझ्या शंभूचं काही अडलं नाही, असं मी गावभर सांगत राहिले, आणि तुला दुखतं म्हणायची सोय ठेवली नाही.

भाऊबीजेला ये आणि राहा. दुसऱ्या दिवशी साईशला दाखवायला न्यायचं आहे, तूही चल. दरवर्षी ताटात साडी घालतोस, यंदा साडी नको. ओवाळून झालं की मी तुझ्या पायाचं माप मागणार आहे. बहिणीला ओवाळणी नाही म्हणता येत नाही.

तुझी बाय,
शेवंती