राहून गेलेलं रडणं

प्रिय प्रेमदास,

फोनवर तुझ्या बाचं नाव निघालं की तू 'याडी, ड्युटीवर हाय' म्हणून फोन ठेवतोस. म्हणून लिहायला बसले. हिरासिंग मुकादमाचा तुला फोन आला असेल, नाहीतर येईल. तुझ्या आईनं सिनेमावाल्यांपुढं तमाशा केला, असं तो सांगेल. तू आधी माझं वाच, मग त्याचं ऐक.

कनेरगाव नाक्याजवळच्या आपल्या तांड्यात सिनेमाचं काम चाललंय, हे तुझ्या बहिणीनं, संगितानं तुला सांगितलंच असेल. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचं प्रेत तांड्यात येतं, अशी त्यांची गोष्ट आहे. सिनेमा काढणारी मोहिनी आपल्या संगिताच्याच वयाची. मी पारावर बायांना पेपर वाचून दाखवते ते तिनं पाहिलं आणि मयताची बायको तुम्हीच व्हा म्हणाली. मी तिच्याकडं बोलण्याची पानं मागितली. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवर वाचायला शिकले, तेवढं तरी कामाला येईल असं वाटलं. ती हसली. 'पानं नाहीत मावशी. काय घडलंय तेवढं मी सांगणार. बोलायचं ज्याचं त्यानं, त्या वेळी सुचेल ते.'

मुकादमाचं काम करणारा नट पुण्याचा, नाव असलेला. त्यालाही पानं नव्हती. म्हणून तो हिरासिंगच्या मागं मागं फिरायचा. सिनेमाच्या गाड्या हिरासिंगच्याच होत्या. तो उभा कसा राहतो, खिशावर हात कसा ठेवतो, मजुराच्या घरी काही झालं तर काय बोलतो, सगळं विचारायचा. हिरासिंग फुगून गेला होता. शेजारची आशाबाई म्हणाली, 'एक मुकादम पुरत नव्हता काय, की दुसरा बनवून राहिले!'

तू कंपनीत गेल्यापासून तांड्याचं विसरला असशील, म्हणून सांगते. आपल्यात बाई रडते ती गाऊन रडते, आणि रडताना ती जे बोलेल त्याला कुणी अडवत नाही. गडीमाणसं खाली बसतात, मान घालतात, तांड्याचा नाईकसुद्धा. पंचांपुढं बाईला तोंड उघडता येत नाही. तिला बोलायला जागा आहे ती एवढीच. तुझ्या बाचं तसं रडणं झालंच नाही. त्यांना तिकडं कर्नाटकात, ऊसतोडीवरच जाळलं. मी तापानं फणफणत घरी आले, तोवर हिरासिंगचा निरोप तांड्यात पोचला होता की दारू पिऊन ट्रॅक्टर उलटवला. तूही तेच धरलंस, भिंतीवरचा फोटो काढलास. मी सांगितलं तर म्हणालास, बायको दुसरं काय सांगणार.

शूटिंगच्या दिवशी तिरडीवर एक पोरगा पांढरं कापड घेऊन निजला होता. त्याच्या पायाची बोटं हलत होती आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मलाही वाटलं, थोडं रडू आणि मोकळं होऊ. तेवढ्यात तो नट पुढं आला. खिशावर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि म्हणाला, 'पेलेला व्हता गं बाई. म्या काय करू?'

प्रेमदास, तुझा बा गेला तेव्हा हिरासिंग मला बोलला तेच शब्द, आवाजही तोच. त्यानं ते हिरासिंगकडूनच उचललं होतं, पण कुणाबद्दलचं ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. कॅमेऱ्याच्या मागं, जीपला टेकून हिरासिंग उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

मी रडणं उचललं. सिनेमातल्या मयताचं नाव घेतलं नाही. जन्मात कधी घेतलं नव्हतं ते तुझ्या बाचं नाव घेतलं. सुदाम, सकाळी तू म्हणालास ब्रेक लागत न्हाई. मुकादम म्हणाला एवढी खेप टाक, मग गॅरेजला लाव. सुदाम, मागं उसाच्या ट्रॉल्या आणि पुढं उतार. सुदाम, तुझ्या पोटात माझ्या हातच्या चहाबिगर काही नव्हतं.

हसणं बंद झालं. पुनमचंद नाईक खाली बसले. मग एकेक करून सगळे गडी बसले. नटाला काही कळेना, पण बाकीचे बसले म्हणून तोही बसला. हिरासिंग एकटा उभा. 'बंद करा हे!' म्हणून ओरडला. मोहिनीनं नुसता हात वर केला, कॅमेरा थांबवला नाही.

तेवढ्यात बायांतून केशरबाई उठली. हिरासिंगची आई. तिकडं टोळीवर भाकरी थापायला तीच होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि माझ्या सुरात सूर लावला. 'माझ्याच पोरानं धाडला गं त्याला, म्या चुलीपाशी ऐकलं गं.' आपल्या सख्ख्या लेकापुढं बोलली ती. तेव्हा हिरासिंग बसला, आमच्याकडं पाठ करून.

संध्याकाळी मोहिनीला सगळं कळलं. ती म्हणाली, 'मावशी, तुम्ही नको म्हणालात तर हे सिनेमातून काढून टाकते.' मी म्हणाले, राहू दे. तेव्हापासून केशरबाई माझ्याकडं राहते. तिचा लेक तिला घरात घेत नाही.

आता हिरासिंग म्हणतो, ते रडणं नव्हतं, सिनेमातलं सोंग होतं. पुढं कॅमेरा, तिरडीवर जिवंत पोरगा, त्यातलं बोलणं खरं कसं धरायचं? रविवारी पंच तेच ठरवणार आहेत. सोंग ठरलं तर आम्ही दोघींनी त्याच्या पाया पडायचं, आणि तुझा बा कायमचा दारुडा. रडणं ठरलं तर त्यांच्या नावावरचा डाग जाईल. तिथं आम्हाला बोलता येत नाही, घरचा गडी लागतो. संगिताचा नवरा तयार आहे, पण तो जावई. पंच विचारतील, लेक कुठं आहे? हा कागद त्यासाठी आहे. ये. तू आला नाहीस तर मी स्वतः पंचांपुढं जाऊन उभी राहीन. खाली बस म्हणतील. मी बसणार नाही.

तुझीच,
याडी