आत्याच्या पोटातल्या चांदण्या

चऱ्होली,
६ जानेवारी २०२५

चि. योगिनीस सोजराआत्याचे अ. उ. आ.

पत्र अशासाठी, की फोन लावला की सून आन् माझा रणजीत दोघंबी कान देऊन बसतात. तू माझ्या पोटात नळी घालून तुकडा काढलास, त्याचा रिपोर्ट आला. जंतू न्हाईत म्हणे. रणजीतनं समद्यांम्होरं वाचून दाखवला. तुझे आतोबा म्हणाले, बघ, तुला काय झालंच न्हाई, हे मनाचे खेळ हायत. दोन घास खाल्ले की आग पेटती, ती काय मनात पेटती? तुझी आजी अशीच कण्हत गेली. पोटात गाठ निघाली तवा समदे रडले, त्याआधी कुणी आत डोकावलं न्हाई. मी गप बसायची न्हाई. तू डॉक्टर हायस, खरं काय ते लिही.

माया हाय तशीच राहू दे.
तुझी सोजराआत्या

पिंपळे सौदागर,
१० जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दुखणं खरं आहे, हे आधी सांगते. आमचं एक संशोधन चालू आहे, त्यात आधी कॅमेऱ्यातून पोटाचं अस्तर बघायचं, जंतू असतील की नाही ते लिहायचं, मग तुकड्याच्या तपासणीशी ताडायचं. जंतू कॅमेऱ्याला दिसत नाहीत, त्यांनी केलेली नासाडी दिसते. निरोगी अस्तरावर बारीक शिरांच्या चांदण्या असतात. तुझ्या पोटात एकही चांदणी नव्हती, सगळीकडे नुसती लाली. मी ‘जंतू आहेत’ असं लिहिलं. रिपोर्ट उलटा आल्यावर आमचे सर म्हणाले, घरचा पेशंट बघताना नजर फिरते, ही केस संशोधनातून काढून टाक. मी नाही म्हटलं. कारण सापडेपर्यंत काढणार नाही. सर बोलेनासे झालेत, होऊ देत.

एकच सांग. तू पित्ताची गोळी घेतेस का? औषध विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस. त्या गोळीनं जंतू दबून बसतात, तुकड्यात सापडत नाहीत. घेत असशील तर दोन आठवडे बंद कर आणि पुन्हा ये. त्रास होईल, लपवत नाही.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझी योगिनी

चऱ्होली,
२२ जानेवारी २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद.

व्हय, घेते की! रोज, चहाच्या आधी. पण तिला औषध कोण म्हणतं? आमी गॅसची गोळी म्हणतो. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी बंद केली. लई जळतंय, पण दम धरलाय.

घरात मात्र रान पेटलंय. हे म्हणाले, धडधाकट बाईला दोनदा नळी घालतात व्हय? गावात हसं होईल. मी म्हणाले, हसणाऱ्याला म्हणावं माझ्या पोटानं दोन घास खाऊन दाखव. रणजीत म्हणाला, गाडी न्हाई देणार. त्याला सांगितलं, गाडी तुझी, पोट माझं. शेजारची कस्तुरा संगं हाय, बसनं येते. नळी उलगडून ठेव.

आत्याची आठवण असू दे.
सोजराआत्या

पिंपळे सौदागर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सापडले! दुसऱ्या तुकड्यात जंतूच जंतू आहेत. सरांनी दोन्ही वेळच्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाले, केस राहू दे. गाठ नाही, आत्या. पण अस्तर ठिकठिकाणी झिजलंय, म्हणून अधूनमधून आत डोकावत राहावं लागेल. सोबतच्या गोळ्यांनी तोंड कडू होईल, तरी मध्येच सोडू नकोस. आणि हे जंतू बहुधा घरात एकट्याला नसतात. आतोबांचे ढेकर मी ऐकलेत, त्यांनाही घेऊन ये.

तुझ्या हट्टाची मी ऋणी आहे.
योगिनी

चऱ्होली,
१४ एप्रिल २०२५

चि. योगिनीस पोटभर आशीर्वाद.

पोटभरच म्हणते, कारण काल मिरचीचा ठेचा खाल्ला आन् नुसती झोप आली. पिशवीत फुंकून केलेल्या तपासणीत जंतू गेल्याचं कळलं, ते रणजीतनंच मोठ्यानं वाचलं. मी त्याला परत वाचायला लावलं.

तुझे आतोबा मात्र नळीचं नाव काढलं की शेताकडं निघतात. म्हणतात, मला काय झालंय? मी सांगितलं, ठीक हाय, तपासून येईस्तोवर आपलं जेवण आपण रांधायचं. दोन दिवस करपलेली भाकरी खाल्ली, आज सकाळी आपणहून विचारलं, बस किती वाजता हाय.

पुढच्या सोमवारी घेऊन येते. सोडू नको त्यांना.
तुझी सोजराआत्या