घोटा मागितला होता

रविवार, १ जून

आज प्रार्थनेला सात जण! गेल्या रविवारी चारच होते. सातांतले दोघे मोजे वाळले का ते बघायला आले होते, पण शेवटपर्यंत बसले. मी त्यांनाही मोजलं.

स्टेडियमची कपडे धुवायची खोली हेच आमचं चर्च. पंधरा मिनिटं मशीन बंद ठेवा म्हणून दर हंगामात सांगतो, कोण ऐकतंय. आज मी शास्त्र वाचतोय आणि मशीनने पाणी उपसायला घेतलं. मी हाडाचा प्लंबर — वचन राहिलं बाजूला, कान सगळा मशीनकडे. पट्टा सैल झालाय तिचा.

तेवीस वर्षं झाली. पोरं मला ‘पास्टर’ म्हणतात, पण मी कसली दीक्षा घेतलेली नाही. इथल्या बेसबॉल संघाला फुकटात बायबल वाचणारा माणूस हवा होता आणि मी तेव्हा त्यांच्या शॉवरची गळती काढत होतो, एवढंच.

गुरुवार, ५ जून

सामना हरलो. बाकावरच्या एलिएझरला थोरल्या कॉल्बीच्या जागी शेवटी एकदा बॅट दिली, तर तीन चेंडू हुकवून परत आला. जाताना नेहमीप्रमाणे छातीवर हात, मग आकाशाकडे बोट. आमच्या मागच्या रांगेतला वेंडेल ओरडला, “अरे, वरचा आज सुट्टीवर आहे!” सगळा स्टँड हसला. लॉर्नाही हसली. माझी बायको — बत्तीस वर्षं चर्चची पायरी चढलेली नाही, पण एक सामना चुकवत नाही. पेन्सिलीने एकेक चेंडू वहीत टिपते.

मी बघितलं तर म्हणाली, “काय? विनोद चांगला होता.”

वेंडेलचं म्हणणं नेहमीचंच. चेंडू कुंपणापार गेला की देवाकडे बोट, आणि बाद झाला की अंपायरकडे. देवाची चंगळ आहे, नुसता नफाच नफा.

मंगळवार, १० जून

कॉल्बीला मुलगी झाली. टेनेसीला गेलाय, तीन दिवसांची रजा. तेवढे दिवस कॅचर एलिएझर.

बरं झालं. एप्रिलपासून पोर बाकावर बसून आहे. चेंडू टाकणाऱ्यासमोर उकिडवा बसून झेलणारा मैदानात एकच लागतो, आणि आमच्याकडे तो कॉल्बी. वय अठ्ठावीस, बोटं वाकडीतिकडी झालेली, सगळ्यांचा थोरला भाऊ. एलिएझर वीस वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकचा, आईला रोज फोन करतो. हा हंगाम बाकावर गेला तर पुढच्या वर्षी त्याला कोण ठेवणार? त्यालाही ते ठाऊक आहे.

गुरुवार, १२ जून

एलिएझर — तीन दिवसांत पाच फटके! वेंडेल उभा राहून टाळ्या पिटत होता. बोट आकाशाकडे गेलं तेव्हा कुणी काही बोललं नाही.

शनिवार, १४ जून

कॉल्बी काल परतला. आज सातव्या डावात उकिडवा बसलेला, उठायला गेला आणि उठलाच नाही. कुणी धडकलं नाही, काही नाही. गुडघा. दोघांनी उचलून नेला. त्याच्या जागी एलिएझर आला, तो हातमोजा बाकावरच विसरून.

लॉर्नाने वही मिटली. “पाच दिवसांचं बाळ आहे त्याला,” एवढंच म्हणाली. चार दिवसांचं, मी म्हणालो. कशाला दुरुस्त केलं कोण जाणे.

रविवार, १५ जून

नऊ जण. एलिएझर नाही. पहिल्यांदाच.

मंगळवार, १७ जून

मी खेळाडूंच्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा. वरून आवाज आला, “पास्टर, तुम्ही आहात का तिथे?” म्हटलं, पाय दिसतायत ना, मग आहेच.

एलिएझर. खाली फरशीवर बसला. मग म्हणाला, “कॉल्बीचं मी केलं.”

मी पाना ठेवला.

गुरुवारी झोपायच्या आधी त्याने प्रार्थना केली होती. कॉल्बी परत येणार, हा परत बाकावर. तर देवाला म्हणाला, मला अजून थोडे दिवस दे. त्याला काहीतरी होऊ दे. मोठं नको, छोटंसंच.

“मी घोटा मागितला होता, पास्टर. घोटा मुरगळला तर दोन आठवड्यांत बरा होतो. गुडघा नव्हता मागितला.”

आणि रडायला लागला. एवढा दांडगा पोरगा, मान खाली घालून. मी सिंकखालून निघताना डोकं आपटलं, शर्टावर सगळी घाण. तसाच शेजारी बसलो. देव तसा नाही रे, म्हणालो. त्याने डोळे पुसून मला विचारलं, “मग आईच्या ऑपरेशनसाठी केलेली प्रार्थना? ती ऐकली होती ना त्याने? तीपण नाही?”

पाइप घट्ट करतो म्हणालो. शरम वाटते लिहायला.

बुधवार, १८ जून

लॉर्नाला विचारलं. नाव नाही सांगितलं, एक पोरगा म्हटलं. तिने बटाटा सोलता सोलता नाव सांगितलं.

“साधं आहे, ऑरिन. अठ्ठावीस वर्षांचा माणूस रोज तीन-तीन तास उकिडवा बसतो. गुडघा गुडघ्यामुळे गेला. सांग त्याला, प्रार्थनेने काही होत नसतं.”

“आणि मग रविवारी तिथे बसून मी काय करू?”

तिने सुरी खाली ठेवली. “ते मी तुला कधी विचारलं नाही,” म्हणाली. टोचून नाही, मायेनेच. मग उरलेले बटाटे मी सोलले.

शनिवार, २१ जून

एलिएझर रोज खेळतोय आणि रोज बाद होतोय. आठ दिवसांत एक फटका. छातीवर हात नाही, बोट नाही. बॅट घेऊन येतो, जमिनीकडे बघत परत जातो.

आणि लोकांचं बघा! तेच लोक! वेंडेल मला म्हणतो, “पास्टर, पोराला काय झालं? वर बोट दाखवत नाही म्हणूनच बाद होतोय. सांगा की त्याला.” मी म्हटलं, वरचा सुट्टीवर होता ना? तर म्हणतो, “चेष्टा वेगळी. उगाच विषाची परीक्षा कशाला?” मागच्या रांगेत एका बाईने पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं, ‘वर बघ, एलिएझर’. भल्या मनाने आणलं होतं. त्याने ते वाचलं आणि आत निघून गेला.

लॉर्ना हसली नाही.

मंगळवार, २४ जून

बॅग भरलीय एलिएझरने. रविवारी घरी जातो म्हणाला. मॅनेजरला अजून सांगितलं नाही, मला सांगितलं. “ही जागा चोरीची आहे. चोरीच्या जागेवर बसून कसं झेलू?”

तेवीस वर्षांत शंभरेक पोरं गेलेली पाहिली — दुखापतीने, वयाने, एक तर मुलीपायी. देवाच्या भीतीने जाणारा हा पहिला. आणि त्या देवाचा माणूस म्हणजे मी.

शेवटी जे सुचलं ते बोललो. म्हटलं, देवाचं मला कळत नाही बाबा. पण ज्याचा गुडघा आहे तो गावातच आहे, शुक्रवारी ऑपरेशन आहे त्याचं. त्याला जाऊन सांग.

पांढराफटक पडला. “मारेल मला.”

“एका पायावर?”

ओठाच्या कोपऱ्यात जरा हललं काहीतरी.

गुरुवार, २६ जून

गेलो दोघं. कॉल्बी पलंगावर, पाय उशांवर, शेजारी संघाचा डॉक्टर कागद भरत बसलेला. एलिएझरने उभ्यानेच सगळं सांगितलं. घोटासुद्धा सांगितला. डॉक्टर लिहायचा थांबला.

कॉल्बीने पायाखालची उशी सरळ केली. मग म्हणाला, “मे महिन्यात तू ताप येऊन दोन दिवस झोपून होतास, आठवतं?”

“हो.”

“तो माझा.”

एलिएझरला कळेचना.

“अरे गाढवा, अमेरिकेतला प्रत्येक कॅचर हेच मागतो. पहिला दुसऱ्यासाठी मागतो, दुसरा पहिल्यासाठी. मी तर तुझ्यासाठी गालगुंड मागणार होतो. तू निदान छोटंसं म्हणालास.” मग त्याला जवळ बोलावलं आणि मान धरून हलवली. “जागा चोरीची वाटते ना? मग नीट झेल. तो डावखुरा पिचर फार खाली टाकतो, गुडघे टेकत जाऊ नकोस. माझ्यासारखी गत होईल.”

बाहेर येऊन एलिएझर माझ्या गाडीत बसला आणि आईला फोन लावला. स्पॅनिश मला येत नाही. पण हसत होता.

रविवार, २९ जून

अकरा जण. बॅग रिकामी केली, एलिएझर म्हणाला. दुपारी दोन फटके. पहिल्यानंतर छातीवर हात, मग क्षणभर थांबला — आणि बोट वर. वेंडेलने टोपी काढली, चेष्टेत की खरोखर, त्यालाच विचारायला हवं. लॉर्नाने वहीत फटक्यापुढे काहीतरी बारीक खूण केली. मी विचारलं तर म्हणाली, “माझी वही आहे.”

फार दिवसांनी पोटभर जेवलो.

सोमवार, ३० जून

कॉल्बी निरोप घ्यायला दारात आला. कुबड्या. गाडीत बायको आणि बाळ. म्हणाला, “त्या दिवशी डॉक्टरसमोर बोलता येईना, पास्टर. तुमचे आभार मानायचे होते. एप्रिलमध्ये सांगितलं होतं ना तुम्हाला — गुडघा हिवाळ्यातच गेलाय, कुणाला बोलू नका, फक्त बाळ येईपर्यंत टिकावा म्हणून प्रार्थना करा. टिकला. वर चार दिवस जास्त.”

तेव्हा आठवलं. मी खुर्च्या उचलत होतो. कुणाच्या तरी तळघरात पाणी भरलेलं, निघायची घाई. हो हो, रोज करतो, म्हणालो होतो. सगळ्यांना म्हणतो. एकदाही केली नाही. गुडघा आधीच गेलेला होता हे मला त्या मंगळवारी सिंकखालीच सांगता आलं असतं — ते पोर दहा दिवस जळत राहिलं आणि मी विसरून बसलो होतो.

त्याचा हात माझ्या हातात होता. सांगून टाकलं. विसरलो रे बाळा, एकदाही केली नाही.

तो रागावला नाही. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मग कुणी केली?”

मी त्याच्या मुलीचं नाव विचारलं आणि हातावर पेनाने लिहून घेतलं.