वाकड्या टाक्यांची ओळ

३ डिसेंबर
विद्यापीठाच्या प्रदर्शनासाठी एनएसएसच्या पोरींनी बंजारा भरतकाम शिकायचं, सरांनी ठरवलं. मीच हात वर केला — माझी याडी शिकवते! आईचं नाव सांगताना कशी छाती फुगलती माझी. दारव्ह्याच्या कॉलेजातून आठ जणी तांड्यावर येणार.

६ डिसेंबर
सात जणी दोन दिवसांत पळाल्या. उरली गझाला. टेलरची पोरगी, हात बसलेला. सुई ओवून द्याचं कामही तिचंच. याडी तिले 'बेटा' म्हणते! मी मात्र नुसती 'अंजे'.

१० डिसेंबर
मले काहून नाही शिकवलं? लहानपणी सुई धरली की याडी हिसकायची. तू पुस्तक धर, म्हणे. आता या पोरीले आरसा कसा बसवायचा, कवडी कुठं लावायची, सगळं सांगून राह्यली. मी दोघींले चहा करून देते. जळून राह्यली मी. खोटं कायले लिहू?

१४ डिसेंबर
घरी आली तर दोघी कुजबुजत होत्या. मले पाहून गझाला गप्प. माझ्याच घरात!

१७ डिसेंबर
अमरावतीले प्रदर्शनात कांचळी, आमची आरसे-कवड्यांची चोळी, घेऊन याडी अन् एक विद्यार्थिनी जाणार. याडीनं नाव दिलं — गझाला.
जेवली नाही. इतकी रडली, डोळे सुजले. याडीले दिसलंही नाही.

१८ डिसेंबर
केलं! याडी शेजारी गेलती. कांचळी काढली. तांड्यात टाक्यावरून हात ओळखतात, याडीचा तर मी झोपेतही ओळखीन. दाट, सरळ ओळी तिच्या. मधात एकच ओळ वाकडी — टाके कुठं लांब, कुठं आखूड, आरसा ढिला. गझालाचीच! ब्लेडनं ती ओळ सारी उसवली. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१९ डिसेंबर
गझालानं कांचळी पाहिली अन् मले अंगणात ओढलं. ओरडली नाही. म्हणाली, "सरळ ओळी माझ्या होत्या, अंजू. ती एकच चाचीची, तुझ्या याडीची. आठ दिवस लागले. डोळ्यावर पडदा आला त्यांच्या. तुले सांगू नको म्हणे, पोरगी कॉलेज सोडून घरी बसन."

२० डिसेंबर
याडीनं कांचळीवर बोटं फिरवली. मोकळ्या जागेवर थांबली. कोणं उसवलं, विचारलं नाही.
"अंजे, सुई ओवून दे."