वाळूचा पासपोर्ट फोटो

तीर्थरूप दादा,

तुमचा धाकटा मेहुणा ‘पासपोर्ट’ तुम्हाला वाकून नमस्कार करतो. (हे नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा खाली सहीही त्याच नावानं करणार आहे.) आम्ही दोघं मजेत आहोत. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमची पाठ? तुमच्या डोळ्यांबद्दल मात्र मी विचारत नाही, कारण उत्तर मला तोंडपाठ आहे: डोळे ठणठणीत आहेत, कॅमेऱ्याची लेन्स खराब आहे. दोन वर्षांत तुम्ही तीन लेन्स दुकानात परत केल्यात. चौथ्या खेपेला दुकानदारानं म्हणे तुम्हाला ओळखच दाखवली नाही. (तुम्हीही त्याला ओळखलं नाहीत आणि शेजारच्या चपलांच्या दुकानात जाऊन लेन्सची तक्रार केलीत, असं वहिनी म्हणतात. पण वहिनी काय, काहीही म्हणतात.)

असो. आजचा विषय विजयाचा आहे, आणि विजय माझा आहे. सावकाश बसून ऐका.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर काय झालं ते तुम्ही विसरला असाल, म्हणून पुन्हा सांगतो. तुमच्या बहिणीनं तुम्हाला हात जोडून सांगितलं की दादा, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल. तुम्ही म्हणालात, मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. (तुमचं वय अडुसष्ट.) तिनं पुन्हा सांगितल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात, कारण अडचणीत सापडलात की तुम्ही नेहमी माझ्याकडेच वळता. सव्वीस वर्षं माणसांना पडद्यापुढे स्टुलावर बसवून खांद्यापासून वरचे फोटो काढणाऱ्या माणसाचे तुम्ही यथेच्छ वाभाडे काढलेत आणि शेवटी सात माणसांदेखत जाहीर केलंत: ज्या दिवशी हा पासपोर्ट त्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांचा भरदिवसा बघण्याजोगा फोटो काढील, त्या दिवशी मी डोळे दाखवीन आणि डॉक्टर म्हणतील ते करून घेईन. टेकड्याच का, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे कॅमेरा घेऊन जाऊन तुम्ही स्वतः तीनदा तोंडघशी पडला होतात. वर पंच म्हणून तुम्ही कुणाला नेमलंत, तर पलीकडच्या घरातल्या निवृत्त ड्रॉइंगच्या बाईंना, ज्यांनी अख्ख्या नोकरीत कुणालाही दहापैकी सहाच्या वर मार्क दिले नाहीत.

मी पाण्याचा जग पुढे केला. पण तुम्ही गेल्यावर ही भांडी घासताना रडली. मोठ्यानं नाही, नळ पूर्ण सोडून, म्हणजे मला ऐकू जाऊ नये. मला गेलं. दादा, मला तेव्हा तुमचा मनस्वी राग आला होता. त्याच ओल्या ओट्याशी उभं राहून मी ठरवलं की या माणसाला त्याच्याच शब्दांत पकडायचं.

आता माझी फजिती ऐका. (हसा पोटभर, शेवट माझ्या बाजूचा आहे.) जाणकार म्हणतात असले फोटो उजाडताना नाहीतर सूर्य कलल्यावर काढावेत. पण त्या वेळांना माझ्या स्टुडिओत अर्जांना फोटो लावणाऱ्यांची रांग असते, आणि तुमची अट तर भरदिवसाची. स्टुडिओ एक ते चार बंद. बसनं चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला. उरलेल्या वेळात डोक्यावर सूर्य, पायाखाली तापलेली वाळू आणि मध्ये आम्ही दोघं. पहिल्या दिवशी मी सगळ्यात उंच टेकडीच्या माथ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या वाटांनी चढलो, फोटो कुठून चांगला येईल ते बघायला. खाली उतरून कॅमेरा लावला तर समोर गुरांचा बाजार नुकताच उठलाय अशी जमीन! त्या टेकडीवर माझी पावलं नव्हती अशी वीतभर जागा उरली नव्हती. सावल्या उजळायला स्टुडिओतला थर्माकोलचा तक्ता नेला होता, तो वाऱ्यानं उचलला. ही त्याच्यामागे धावली, मी तिच्यामागे. आणि पांढऱ्या वाळूवर पांढरा तक्ता पडल्यावर तो दिसतो कुणाला? अर्धा तास आम्ही आमचाच थर्माकोल शोधत होतो. शेवटी तो सापडला, म्हणजे माझ्या पायाखाली कर्रकन मोडला.

त्यातून जे फोटो आले ते ओल्या सिमेंटचे वाटत होते. कॅमेरा हा मुळात भित्रा. फार पांढरं दिसलं की काहीतरी चुकतंय असं वाटून तो सगळंच करडं करून टाकतो. म्हणून दुसऱ्या खेपेला मी त्याचं ऐकलं नाही आणि उजेड इतका चढवला, इतका चढवला की विचारू नका. परत येऊन मोठ्या ऐटीत एक प्रिंट काढली आणि कात्री आणायला आत गेलो. तेवढ्यात हिनं तो कोरा कागद समजून पुन्हा मशीनच्या ट्रेमध्ये ठेवला, आणि माझ्या कलाकृतीवर परीक्षेच्या अर्जाला लागणारे एका मुलीचे आठ फोटो छापले गेले. फोटो उत्तम आले. मागे टेकड्या आहेत हे त्या मुलीला, तिच्या आईला आणि परीक्षेच्या कचेरीला अजून माहीत नाही.

त्यानंतर चार दिवस मी हा विषय काढला नाही. मनातून हरलो होतो, कबूल करतो. पाचव्या दिवशी एक गृहस्थ आले, नोकरीसाठी फोटो हवा होता, आणि नेमका पांढराशुभ्र शर्ट घालून आले. मागे पडदा पांढरा, पुढे शर्ट पांढरा. असं गिऱ्हाईक दिवसाला दोन तरी येतं. मी काहीही विचार न करता (हात आपोआप चालतात) त्यांच्या दोन्ही बाजूंना, फोटोत येणार नाहीत असे, दोन काळे पुठ्ठे उभे केले. काळं शेजारी आलं की शर्टाच्या कडेला बारीकशी सावली धरते आणि कॉलर पडद्यापासून सुटी होते. गृहस्थ गेले. ही पुठ्ठे उचलून ठेवता ठेवता थांबली आणि म्हणाली, “आणि वाळूला?”

दादा, सव्वीस वर्षं! पांढऱ्यापुढचं पांढरं सुटं करून दाखवायचं, यापलीकडे मी केलंय काय? आणि तीच विद्या घरी ठेवून मी टेकड्यांवर मोठा निसर्गाचा फोटोग्राफर होऊन गेलो होतो.

तिसऱ्या खेपेला आम्ही धंद्यावर गेल्यासारखे गेलो. टेकडीवर चढणं बंद. कडेनं चालत जाऊन एकच गिऱ्हाईक निवडलं: गवताचा एक पुंजका, एकटा, पंधरावीस पाती, मागे लांबवर टेकड्या. पुठ्ठे वाऱ्यात टिकले नसते, म्हणून स्टुडिओतला काळा कोट नेला होता. (तोच, जो प्रत्येक गिऱ्हाइकाला होतो कारण मागून चिमटे लावता येतात. अर्धं गाव त्याच कोटात नोकरीला लागलंय.) तो दोन्ही हातांनी पसरून तुमची बहीण पुंजक्याच्या डावीकडे वाळूत गुडघे टेकून बसली. मी पोटावर झोपलो. आणि सवयीनं त्या गवताला म्हणालो, हनुवटी जरा वर, हलू नका. ही इतकी हसली की कोट खाली आला. गवत अर्थात हलत होतंच. मी वारा पडायची वाट बघत वीस मिनिटं पडून राहिलो, नाकातोंडात वाळू जात होती, आणि मग मला ते दिसलं. वाकलेल्या पात्यांची टोकं वाऱ्यानं फिरून फिरून वाळूवर कमानी काढत होती, कंपासनं काढाव्यात तशा स्वच्छ, एकीत एक. मी आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी हलू दिलं नाही. त्या दिवशी म्हटलं, हला. उजेड कॅमेऱ्याच्या मनापेक्षा दोन घरं वर नेला, सूर्य जेमतेम कलायला लागला होता, टेकड्यांच्या अंगावर लाटांच्या रेघा उमटत होत्या, आणि मी बटण दाबलं. तीन वाजून वीस मिनिटांची बस धावत पकडली.

फोटो मोठा करून ड्रॉइंगच्या बाईंपुढे ठेवला. बाईंनी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला, उलटा धरला, सुलटा धरला. पाच मिनिटं झाली. ही माझं मनगट आवळून उभी होती. मग बाईंनी एक बोट गवताच्या सावलीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “वाळू तापलीय.” मी विचारलं, बाई, मार्क? त्यांनी खाली पेन्सिलीनं साडेआठ लिहिलं आणि सही केली. साडेआठ, दादा! तुमच्या सूर्यास्तांना त्यांनी चार दिले होते. तिथून घरी येताना मी तुमची बहीण आणि कोट दोन्ही खांद्यावर घेऊन नाचायचा तेवढा राहिलो.

तेव्हा शब्द पाळा. डॉक्टरांची वेळ घेतली आहे: पुढचा गुरुवार, सकाळी साडेदहा. आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला या. फोटोची एक प्रत सोबत आहे.

तुमचा,
पासपोर्ट

ता. क. तुम्ही म्हणाल हा अन्याय झाला. म्हणून एक सवलत देतो. सोबतची प्रत नीट बघा. या फोटोच्या वेळी कोट स्टँडला टांगून मी तुमच्या बहिणीला मागच्या टेकडीवर उभं केलं होतं, पांढऱ्या कपड्यांत. ती डावीकडे आहे की उजवीकडे, एवढं बरोबर सांगितलंत तर पैज रद्द, डॉक्टर रद्द.

ता. क. दुसरा. वहिनी, हे पत्र तुम्हीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत असणार, मला माहीत आहे. इथून पुढचं मनात वाचा. फोटोत ही कुठेच नाही. स्टँडला टांगलेला कोट वाऱ्यानं केव्हाच नेला असता, तो तिच्याच हातात होता. दादा डावीकडे म्हणोत, नाहीतर उजवीकडे म्हणोत, तुम्ही त्यांची बॅग भरा. आणि चुकून जर ते म्हणाले की इथे तर कुणीच नाही, तर डोळे खरंच ठणठणीत आहेत; मला लगेच फोन करा. मी हरलो म्हणून हिला सांगतो, आणि तिला मिठी मारतो.